सगळं माहीत असलेल्याची पंचाईत

चिठ्ठ्या वाटून होतात. प्रत्येक जण आपली चिठ्ठी तळहाताच्या आडोशाला धरून उघडतो. त्या दोन-तीन सेकंदांत जो स्वतःची चिठ्ठी सोडून इतरांची तोंडं बघतो, त्याला निम्मा खेळ तिथेच कळतो. 'माफिया' आलेला घसा खाकरतो आणि पाणी मागतो. 'डॉक्टर' आलेला उगाच गंभीर होतो. गावाच्या आरोग्याचा भार अचानक त्याच्या खांद्यावर येऊन पडलेला असतो. आणि 'गावकरी' आलेला चिठ्ठी उलटी करून मागची बाजू बघतो. न जाणो, तिकडे आणखी काही लिहिलेलं असेल.

नसतं. गावकऱ्याने रात्री डोळे मिटायचे, सकाळी उठायचं, कोण मेलं ते ऐकायचं आणि मग कुणावर तरी आळ घ्यायचा, एवढंच त्याचं काम. खऱ्या गावातही बहुसंख्यांच्या वाट्याला याहून फार वेगळं काही येत नाही. पण ट्रेकच्या मुक्कामावर किंवा कंपनीने लोणावळ्याला नेलेल्या सहलीत, सुट्टी घालवून पुन्हा तेच करायला माणूस नाखूश असतो. लपलेला शत्रू हुडकण्याच्या खेळांत गेल्या तीसेक वर्षांत ज्या ढीगभर विशेष भूमिका जन्माला आल्या, त्यांच्या मुळाशी हा हिरमुसलेला गावकरी आहे. त्याच्या हातात काहीतरी द्यायचं असं खेळ रचणाऱ्यांनी ठरवलं आणि दिलंही. फक्त प्रत्येक वेळी एका हाताने ताकद दिली आणि दुसऱ्या हाताने ती वापरायची सोय काढून घेतली.

मराठी घरांना हा प्रकार अगदीच अनोळखी नाही. राजा, प्रधान, शिपाई, चोर अशा चार चिठ्ठ्या करून मे महिन्याच्या दुपारी कित्येकांनी घालवल्या आहेत. प्रधानाच्या जागी कुठे वजीर असतो, कुठे राणी; चोराला कुठे प्रधान शोधतो, कुठे शिपाई. ज्याचं घर त्याचे नियम. साधारण पद्धत अशी, की राजाला १००० गुण, प्रधानाला ८००, शिपायाला ५०० आणि चोराला शून्य. राजा स्वतःला जाहीर करतो, प्रधानाला हुकूम सोडतो आणि प्रधानाने उरलेल्या दोघांतला चोर ओळखायचा. चुकला तर त्याचे ८०० चोराच्या खात्यात. दोघांत एक चोर म्हणजे हिशेब छापा-काट्याचाच. पण प्रधान दोघांच्या डोळ्यांत रोखून बघतो, 'तू हसलास' असा पुरावा मांडतो आणि शेवटी धाकट्या भावालाच चोर ठरवतो, कारण काल त्याने खरोखरच डब्यातला लाडू पळवला होता. राजा या सगळ्यात काहीच करत नाही. हजार गुण घेऊन बसून राहतो.

या खेळात खरा बिचारा आहे तो शिपाई. चोर कोण हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पण तो 'मी नाही' म्हणतो, तेव्हा चोरही अगदी त्याच सुरात 'मी नाही' म्हणतो. खरं माहीत असणं आणि ते दुसऱ्याला पटणं यांत किती अंतर असतं, ते पाचशे गुणांच्या त्या चिठ्ठीला फार आधी कळलं होतं.

पुढचा गुंता वाढला तो मॉस्कोत. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात दिमित्री दाविदोव याने 'माफिया' रचला. गाभा एका ओळीत मावतो: थोड्यांना सगळं माहीत, पुष्कळांना काहीच नाही. रात्री गाव डोळे मिटतं, माफिया डोळे उघडून खाणाखुणांनी एकाचा काटा काढतात. दिवसा गाव चर्चा करतं आणि बहुमताने कुणाला तरी फासावर देतं. त्या काळच्या सोव्हिएत नागरिकांना हे नियम समजावून सांगायला फार वेळ लागला नसावा. बघता बघता खेळ वसतिगृहांतून बाहेर पडला, युरोपभर पसरला आणि अमेरिकेत पोचला. तिथे संगणकावरचे कथाखेळ लिहिणाऱ्या अँड्र्यू प्लॉटकिनने १९९७ मध्ये माफियांचे लांडगे केले. दिवसा चारचौघांसारखा दिसणारा आणि रात्री दात काढणारा शत्रू हवा, तर वेअरवुल्फ अधिक शोभतो, असं त्याचं म्हणणं. ते पटण्यासारखंच होतं.

दाविदोवच्या मूळ खेळात फक्त दोन गट होते. विशेष असं कुणीच नव्हतं. अशा निखळ खेळात गावकऱ्यांच्या चर्चेला नेमकी किती किंमत असते, हे मार्क ब्रेव्हरमन, ओमिद एतेसामी आणि एल्खनन मोसेल या गणितज्ञांनी २००८ मध्ये रीतसर शोधनिबंध लिहून मोजलं. उत्तर गावाची मान खाली घालायला लावणारं आहे. माहिती असलेला कुणीच नसेल, तर गावाने वाट्टेल त्याला चिठ्ठी टाकून फासावर द्यावं. याहून सरस डावपेच नाही. म्हणजे दीड तासाचा वादविवाद, 'तू काल रात्री हललास', 'मी हललो कारण डास चावला', सगळं व्यर्थ. त्याहून गमतीचं त्यांचं दुसरं गणित. दोन्ही बाजूंना सारखी संधी हवी असेल तर माफियांची संख्या गावाच्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत पुरते. गाव शंभराचं चारशेचं झालं, तरी माफिया नुसते दुप्पट केले की भागतं. गावात मात्र गुप्तहेर आला आणि त्याने अगदी थोड्या लोकांचं खरं-खोटं करून घेतलं, की सगळं चित्र पालटतं. मग गावाच्या वाढीच्या प्रमाणात माफियाही वाढवावे लागतात. थोडक्यात, एका माणसाला थोडंसं खरं कळलं तरी ते अख्ख्या गावाच्या बडबडीला भारी पडतं.

हे कागदावर. प्रत्यक्षात तो एक माणूस फार हालात दिवस काढतो.

माफियात त्याला गुप्तहेर म्हणतात, वेअरवुल्फमध्ये द्रष्टा. दर रात्री तो एकाकडे बोट दाखवतो आणि खेळ चालवणारा सूत्रधार मान हलवून हो की नाही ते सांगतो. सकाळी द्रष्ट्याला स्वच्छ ठाऊक असतं, की समोर बसून इतक्या सज्जनपणे चिवडा खाणारा गृहस्थ लांडगा आहे. सांगावं तर त्या रात्री लांडगे त्यालाच खातात. न सांगावं तर गाव भलत्याला लटकवतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. त्यातून तो धीर करून बोललाच, तर लांडगाही तत्काळ उभा राहतो आणि म्हणतो, 'हा खोटं बोलतोय, द्रष्टा मी आहे!' आता गावासमोर दोन द्रष्टे. गाव ज्याचं बोलणं सफाईदार त्याच्या मागे जातं. आणि सफाईदार बोलतो तो सहसा लांडगा, कारण त्याने मनात चार वेळा तालीम केलेली असते. खरा द्रष्टा बेसावध असतो. खरं बोलायला तयारी कशाला लागते, असा त्याचा समज.

मुरलेले खेळाडू द्रष्ट्याला त्याने तोंड उघडायच्या आत ओळखतात. पहिल्या दिवशी सगळ्यांवर सारखा संशय घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी एकाच दिशेला बघून 'मला आपलं उगाच वाटतंय हं' अशी सुरुवात करू लागला, की त्याची सद्दी संपली. डॉक्टरची गोष्ट त्यामानाने सरळ आहे. दर रात्री एकाचा जीव वाचवायचा अधिकार त्याला मिळतो आणि तो पहिल्या रात्री स्वतःचा वाचवतो. दुसऱ्या रात्रीही. म्हणून बऱ्याच ठिकाणी लागोपाठ दोनदा तोच जीव वाचवायचा नाही, असा नियम करावा लागला. वैद्यकीय नीतीची एवढी तातडीची सुधारणा दुसरीकडे क्वचितच झाली असेल.

भूमिकांची खरी जत्रा भरवली ती फ्रेंचांनी. फिलिप दे पालिएर आणि एर्वे मार्ली यांनी २००१ मध्ये तिएर्सलियो नावाच्या गावातल्या लांडग्यांचा खेळ पत्त्यांच्या छोट्याशा डबीत आणला आणि गावकऱ्यांची वस्ती एकदम नाटक कंपनीसारखी रंगीबेरंगी झाली. त्यात एक चेटकीण आहे. तिच्याकडे दोन बाटल्या, एक जीव वाचवणारी आणि एक घेणारी, दोन्ही एकेकदाच वापरायच्या. 'पुढे लागेल' म्हणून राखून ठेवता ठेवता चेटकीणच मरते आणि दोन्ही बाटल्या तिच्याबरोबर जातात, हा अनुभव जवळजवळ प्रत्येक मंडळात आहे. शिकारी आहे, तो मरताना शेवटची गोळी झाडून आणखी एकाला सोबत नेतो, आणि घाईत सहसा चुकीच्या माणसाला नेतो. मदन आहे, तो पहिल्या रात्री दोघांची जोडी जमवतो, आणि त्यातला एक मेला की दुसरा विरहाने त्याच क्षणी प्राण सोडतो. जोडीत एक लांडगा आणि एक गावकरी निघाला, तर दोघांचा तिसराच पक्ष होतो. मग त्यांना जिंकण्यासाठी बाकी सगळ्या गावाला संपवावं लागतं. आंतरजातीय विवाहाला गावाचा विरोध असतो हे आपण ऐकून आहोत. इथे नवरा-बायकोच गावाच्या विरोधात उभी राहतात.

पण या डबीतली सगळ्यात धाडसी कल्पना म्हणजे छोटी मुलगी. लांडगे शिकार निवडत असताना तिला डोळे किलकिले करून चोरून बघायची परवानगी असते. अट एकच: लांडग्यांनी बघताना पकडलं, तर ठरलेल्या शिकारीऐवजी तीच मरते. कागदावर हे रोमांचक आहे. प्रत्यक्षात एक चाळिशीचा, मिशा असलेला, बँकेत अधिकारी असलेला माणूस बोटांच्या फटींतून बघत बसलेला असतो आणि समोरचे तिन्ही लांडगे त्याच्याकडे बघत असतात. बरीच मंडळी हा पत्ता पहिल्याच डावानंतर डबीत परत ठेवतात.

या खेळाच्या पुढच्या पुरवणीत गावातला वेडाही आला. त्याला फासावर द्यायला नेलं, की त्याचा पत्ता उघडा होतो, गाव ओशाळून त्याला सोडून देतं आणि फक्त त्याचा मताधिकार काढून घेतं. हा वेडा चीनमध्ये फार मोठ्या पदाला पोचला. तिथे लांडग्यांचा हा खेळ गेल्या दशकात मोबाइलवर, थेट प्रसारणात आणि खास त्यासाठी उघडलेल्या दुकानांत तुफान चालला. बारा जणांची रूढ मांडणी अशी, की चार लांडगे, चार साधे गावकरी आणि चार 'देव'. विशेष भूमिकांना तिथे देव म्हणतात. द्रष्टा देव, चेटकीण देव, शिकारी देव. आणि चौथा देव कोण, तर हाच गावातला वेडा. लांडग्यांना जिंकायला चारही देव मारले तरी चालतात, किंवा चारही गावकरी मारले तरी चालतात. साध्या गावकऱ्याला इतकी किंमत कुठल्याही खेळाने दिलेली नाही. ती फक्त मरताना मिळते, हा भाग वेगळा.

मरण हीच अडचण आहे, हे अमेरिकेच्या डॉन एस्क्रिजने ओळखलं. पहिल्याच रात्री मेलेला पाहुणा पुढचा तासभर स्वयंपाकघरात यजमानीणबाईंना कांदा चिरून देतो, हे काही बरं नव्हे. त्याच्या 'द रेझिस्टन्स'मध्ये कुणी मरतच नाही. मोहिमांवर कोण जाणार एवढंच मतदानाने ठरतं आणि लपलेले फितूर मोहीम आतून हाणून पाडतात. २०१२ मध्ये त्याने याच सांगाड्यावर राजा आर्थरची कथा चढवून 'ॲव्हलॉन' काढला आणि त्यात मर्लिन आणला.

मर्लिनला बहुतेक सगळे फितूर पहिल्यापासून माहीत असतात. द्रष्ट्यासारखी एकेका रात्रीची वाट बघायची गरज नाही; आधीच आख्खी यादी हातात. पण सज्जनांनी तीन मोहिमा जिंकल्या, तरी शेवटी फितुरांतला मारेकरी उठतो आणि मर्लिन कोण हे एकदाच सांगतो. बरोबर निघालं, की जिंकलेला डाव हरला. म्हणून मर्लिनने गावाला वाट दाखवायची, पण आपल्याला वाट माहीत आहे असं दिसू द्यायचं नाही. एखाद्या घरात पोरीचं लग्न ठरलेलं असतं, ते फक्त मावशीला सांगितलेलं असतं आणि 'साखरपुड्यापर्यंत कुणाला बोलू नकोस' असं बजावलेलं असतं. त्या मावशीची लग्नघरात जी अवस्था होते, ती मर्लिनची पाच मोहिमा होते. विषय निघाला की तिला एकदम पापड तळायचे आठवतात.

ॲव्हलॉनमध्ये प्रत्येक ज्ञानावर दुसरं अज्ञान बसवलेलं आहे. मर्लिनला सगळे दिसतात, पण मॉर्ड्रेड दिसत नाही. पर्सिव्हलला मर्लिन कोण ते दाखवतात, पण मॉर्गानाही त्याला मर्लिन म्हणूनच दिसते, म्हणून त्याच्यापुढे दोन मर्लिन. आणि ओबेरॉन नावाचा एक फितूर असा आहे, की त्याला आपले साथीदार माहीत नाहीत आणि साथीदारांना तो माहीत नाही. हा माणूस खेळभर एकट्याने घातपात करतो. बाकीचे फितूर त्याला सज्जन समजून त्याच्यावर आळ घेतात आणि तो त्यांना सज्जन समजून मनोमन चडफडतो. राजकारणातल्या काही पक्षांची आठवण झाली, तर तो योगायोग मानावा.

अशा खेळात सगळा भर बोलण्यावर असतो, असं वाटेल. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एमआयटी संस्थेतल्या संशोधकांनी पाच जणांचा ॲव्हलॉन खेळणारा 'डीपरोल' नावाचा संगणकी खेळाडू बनवला. तो एक शब्द बोलत नाही. कोणाला मोहिमेवर घेतलं, कोणी मत दिलं, कोणती मोहीम फसली, एवढ्यावर नजर ठेवून आकडेमोड करतो. माणसांबरोबर खेळला तेव्हा तो माणसांपेक्षा सरस ठरला, शत्रू म्हणूनही आणि साथीदार म्हणूनही. घसा खाकरणं, डोळ्यांत बघणं, 'माझ्या मुलाची शपथ' वगैरे काहीही न करता. ही बातमी वाचूनही जगात ॲव्हलॉन खेळताना कोणी गप्प बसायला लागलं, असं ऐकिवात नाही.

इथवरच्या भूमिका निदान एक गोष्ट धरून होत्या: आपण कोण, हे ज्याचं त्याला माहीत होतं. २०१४ मध्ये आलेल्या 'वन नाइट अल्टिमेट वेअरवुल्फ'ने तेही काढून घेतलं. अकिहिसा ओकुई या जपानी रचनाकाराच्या कल्पनेवर टेड ॲल्सपॅक याने तो उभा केला. एकच रात्र, एकच दिवस, दहा मिनिटांत निकाल. रात्री दरोडेखोर दुसऱ्याचा पत्ता पळवून आपला तिथे ठेवतो. कळलावी बाई दोघांचे पत्ते आपसांत बदलून टाकते आणि दोघांनाही सांगत नाही. दारुडा आपला पत्ता टेबलाच्या मध्यातल्या एकाशी बदलतो, न बघता. निद्रानाश झालेली बाई पहाटे उठून स्वतःचाच पत्ता पुन्हा तपासते, अजून आपण आपणच आहोत का म्हणून. सकाळी लोक तावातावाने 'मी लांडगा नाही' म्हणतात आणि बऱ्याचदा ते प्रामाणिकपणे खोटं असतं. आपण रात्री बदलले गेलो हे कळल्यावर माणूस भर वादात पक्षांतर करतो. गेल्या मिनिटापर्यंत लांडग्यांना शिव्या देणारा आता म्हणतो, 'तसं बघायला गेलं तर एवढी घाई करू नये.'

याच टेबलावर टॅनर भेटतो. चामडं कमावण्याच्या कामाचा त्याला इतका उबग आलाय की त्याला मरायचंच आहे; गावाने त्याला फासावर दिलं, तर तो एकटा जिंकतो. त्याचे मावसभाऊ पुष्कळ आहेत. २०१४ मध्येच आलेल्या 'टाउन ऑफ सेलम' या संगणकी खेळात विदूषक असतो. त्यालाही फाशीच हवी असते, आणि ती मिळाली की तो त्याच्या विरुद्ध मत देणाऱ्यांपैकी एकाला भूत होऊन मारतो. त्याच गावात एक जल्लाद असतो. त्याला एक ठरावीक निरपराध माणूस फासावर गेलेला बघायचा असतो, आणि तो माणूस रात्रीच कुणाकडून मेला, तर जल्लाद आयुष्याचा हेतू हरवून स्वतः विदूषक होतो. कारकिर्दीची अशी कलाटणी खऱ्या आयुष्यात निवृत्तीनंतर येते.

टॅनर असल्यावर गावाची जी तारांबळ उडते, ती पाहण्यासारखी असते. एरवी संशयास्पद वागणारा पहिला लटकतो. आता कुणी संशयास्पद वागलं, की हा मुद्दाम वागतोय म्हणून त्याला सोडतात. मग लांडगाही मुद्दाम संशयास्पद वागू लागतो आणि अट्टल संशयास्पद माणूस गावातला सर्वात सुरक्षित माणूस ठरतो. चोराच्या मनात चांदणं असतं खरं, पण इथे चांदणं पाडायला चोर स्वतःच दिवा लावून बसतो.

भूमिका वाढल्या की पुरावे स्वस्त होतात, हा धडा टाळेबंदीतून बाहेर पडताना मुलांनीही घेतला. इनरस्लॉथ कंपनीचा 'अमंग अस' निघाला २०१८ मध्ये, पण घरोघरी पोचला २०२० मध्ये, जेव्हा शाळा मोबाइलमध्ये भरत होती. त्यात कोणी हवेच्या झरोक्यातून आत-बाहेर करताना दिसला, की तो भामटा, हे ठरलेलं. कारण झरोके फक्त भामट्यालाच वापरता येत. नोव्हेंबर २०२१ मध्ये नव्या भूमिका आल्या, त्यांत अभियंता आला आणि त्यालाही झरोक्यात शिरायची मुभा मिळाली. एका फटक्यात सगळ्यात भक्कम पुरावा मोडीत निघाला. आता झरोक्यात पकडलेला प्रत्येक जण शांतपणे 'मी अभियंता आहे' म्हणू लागला. पुण्यात हे उत्तर कुठेही खपतं.

या सगळ्या वाटा जिथे एकत्र येतात तो खेळ ऑस्ट्रेलियातल्या स्टीव्हन मेडवेचा, 'ब्लड ऑन द क्लॉकटॉवर', २०२२ मध्ये लोकांच्या हातात पडलेला. पाचापासून वीस माणसांपर्यंत खेळता येतो आणि त्यात साधा गावकरी अस्तित्वातच नाही. नवशिक्यांसाठीच्या पहिल्या संचात २२ भूमिका: १३ गावकरी, ४ उपरे, ४ हस्तक आणि १ सैतान. धोबीण, आचारी, ग्रंथपाल, भविष्य सांगणारी, महापौर, सगळ्यांना काही ना काही कळतं किंवा करता येतं. मेलेल्यांनाही बोलता येतं आणि एक शेवटचं मत राखून ठेवता येतं. कांदा चिरायला कोणालाच जावं लागत नाही.

पण मेडवेची करामत उपऱ्यांत आहे. हे चौघे गावाच्याच बाजूचे आणि गावालाच त्रासदायक. बटलर दर रात्री एक मालक निवडतो आणि मालकाने हात वर केल्याशिवाय त्याला मत देता येत नाही. एकांतवासी माणूस सज्जन असूनही तपासणीत दुर्जन दिसू शकतो. संत म्हणजे सरळ सापळा: गावाने त्याला फाशी दिली, की गाव हरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपल्याकडे शतकानुशतकं अन्यायाची तक्रार म्हणून वापरली गेली. मेडवेने तिच्यासाठी शिक्षेची तरतूद केली. त्यात आणखी वांधा असा, की फाशीच्या वाटेवरचा सैतानही 'मी संत आहे' म्हणतो, आणि खरा संत 'मी संत आहे' म्हणाला की लोकांना तो सैतान वाटतो. राजा-प्रधान खेळातला शिपाई इथे निदान ओळखीचं कुणीतरी भेटलं म्हणून खूश झाला असता.

चौथा उपरा म्हणजे दारुडा, आणि या जगातली ही सर्वात निर्दय भूमिका. दारुड्याला आपण दारुडा आहोत हे सांगितलंच जात नाही. त्याला दिलेली सोंगटी म्हणते, तू भविष्य सांगणारी आहेस. आणि तो पूर्ण श्रद्धेने दर रात्री दोघांकडे बोट दाखवतो. सूत्रधार त्याला मनाला येईल ती उत्तरं देतो. सकाळी हा माणूस शपथेवर, टिपणवही उघडून, तारखेनिशी चुकीची माहिती देतो. त्याच्या आवाजात खोटेपणाचा लवलेश नसतो, कारण तो खोटं बोलतच नसतो. त्याच्यामुळे खरी माहिती असलेल्या प्रत्येकाला रात्री झोपताना एक शंका छळते: आपल्याला कळलं ते खरं, की आपणच दारुडे? दुसऱ्या एका संचात याची पुढची पायरी आहे, 'लुनॅटिक'. त्याला वाटतं सैतान आपणच. तो रात्री ऐटीत बळी निवडतो, सकाळी भलताच कुणी मेलेला दिसतो, आणि तो ते हस्तकांच्या अंगावर ढकलून देतो.

या दोघांना रोज रात्री गंभीर चेहऱ्याने जागं करण्याचं काम सूत्रधाराचं. क्लॉकटॉवरच्या कथेत पहिला बळी सूत्रधाराचाच पडलेला असतो; रेव्हन्सवुड ब्लफ गावाच्या घड्याळाच्या तासकाट्यावर त्याचं प्रेत सापडतं. तरी तोच सगळा खेळ चालवतो. सगळ्यांच्या चिठ्ठ्या माहीत असलेला, आणि जिंकण्या-हरण्याशी काही देणंघेणं नसलेला, हा एकटाच. मर्लिनने हेवा करावा अशी जागा. पण नीट पाहिलं तर याची पंचाईत मर्लिनहून मोठी. मर्लिनला निदान गप्प बसता येतं. सूत्रधाराला बोलत राहावं लागतं, आणि त्याच्या एका श्वासातून, एका अडखळण्यातून गाव अर्थ काढतं. 'वन नाइट'ने या कामाला मोबाइलमधला आवाज लावला. हाक मारलेल्या भूमिकेचा पत्ता कोणाच्याही हातात नसला, टेबलाच्या मध्ये पडलेला असला, तरी तो आवाज तितकाच वेळ थांबतो, आणि पत्त्यांची सरसर ऐकू जाऊ नये म्हणून मागे संगीत वाजवतो.

माणसाला हे जड जातं. मेलेल्याची चिठ्ठी उघड करायची नाही असा नियम असलेल्या माफियात गुप्तहेर पहिल्याच रात्री गेला, तरी सूत्रधाराने पुढच्या प्रत्येक रात्री त्याला हाक मारायची असते. नाहीतर गुप्तहेर संपला, हे गावाला फुकटात कळेल. म्हणून लोणावळ्याच्या त्या सहलीतला सूत्रधार तिसऱ्या रात्रीही खणखणीत आवाजात म्हणतो, 'गुप्तहेरा, डोळे उघड.' कोणी उघडत नाही. मेलेला गुप्तहेर कोपऱ्यात भजी खात त्याच्याकडेच बघत असतो. 'कोणाची चौकशी करायची?' सूत्रधार रिकाम्या जागेला विचारतो, विचार करायला पुरेसा वेळ देतो, मान डोलावतो. 'बरं. गुप्तहेरा, डोळे मीट.' आणि शेवटच्या खुर्चीवरचा एक डुलकी लागलेला गावकरी दचकून, खाडकन डोळे उघडून विचारतो, 'मला म्हणालात का?' सकाळी गाव एकमताने त्यालाच फासावर देतं.